कुठेच न बसणाऱ्या कथेला मासिक कसं शोधायचं?

एका कथालेखकाने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजीत लिहिलेली ९,२०० शब्दांची कथा आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला इमारतीत नसलेल्या मजल्यांवरून तक्रारी येऊ लागतात. दोन तृतीयांश कथा हसवते, मग हळूहळू कळतं की त्या मजल्यांवर त्याची गेलेली बायको आहे. आठ मासिकांकडून कथा साभार परत आली. त्यांत पाच विज्ञानकथांची, दोन भयकथांची आणि एक वाङ्मयीन. दोन संपादकांनी ‘आवडली, पण आमच्याकडे बसत नाही’ असं स्वतः लिहून कळवलं. आता कथा कापावी, एखाद्या साच्यात बसवावी, की पाठवत राहावी? पाठवायची तर कुठे?

त्या दोन संपादकांनी स्वतः लिहिलेल्या ओळींपासून सुरुवात करतो. मी स्वतः कथा लिहितोच, पण नऊएक वर्षं एका छोट्या मासिकासाठी पहिल्या चाळणीचं कामही केलं आहे. आठवड्याला साठ-सत्तर कथा यायच्या, त्यातल्या दोन किंवा तीन संपादकापर्यंत जायच्या. बाकीच्यांना ठरलेला मजकूर जायचा. तो मजकूर सोडून एखाद्या लेखकाला दोन ओळी वेगळ्या लिहिणं म्हणजे रात्री अकरा वाजता, आणखी वीस कथा बाकी असताना, थांबून विचार करणं. केवळ सौजन्य म्हणून हे कोणी करत नाही. तेव्हा ‘बसत नाही’ याचा अर्थ ‘वाईट आहे’ असा लावू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ अक्षरशः तेवढाच असतो. मला स्वतःला हे पटायला पाच-सहा वर्षं लागली. तोवर अशा प्रत्येक पत्रानंतर मी कथा दुरुस्त करत बसायचो आणि ती दर वेळी थोडी आणखी सपक व्हायची.

दुरुस्तीला हात घालण्याआधी कथा नेमकी कशामुळे अवघड झाली आहे, ते ओळखा. लांबीमुळे अवघड असलेली कथा, दोन साहित्यप्रकारांच्या सीमेवर उभी असल्यामुळे अवघड असलेली कथा, मध्येच सूर बदलल्यामुळे अवघड असलेली कथा, आकृतिबंधामुळे (पत्रं, याद्या, तळटीपा) अवघड असलेली कथा, या सगळ्यांची ठिकाणं वेगवेगळी असतात. तुमच्या कथेत पहिल्या तीनही अडचणी आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही.

लांबीची अडचण निव्वळ हिशेबाची आहे. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेने २०१९ पासून शब्दाला ८ सेंट हा व्यावसायिक दर धरला आहे. त्या दराने तुमच्या कथेचे ७३६ डॉलर होतात. तेवढ्याच पैशांत संपादकाला तीन-तीन हजार शब्दांच्या तीन कथा घेता येतात, अंकात तीन नावं येतात आणि एखादी कथा फसली तरी दोन उरतात. म्हणजे तुमच्या एका कथेची स्पर्धा तीन कथांशी आहे. त्यात ह्यूगो आणि नेब्युला या विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या पुरस्कारांच्या वर्गवारीत साडेसात हजार शब्दांच्या आतली ती लघुकथा, तिथून साडेसतरा हजारांपर्यंत ‘नॉव्हेलेट’ आणि पुढे चाळीस हजारांपर्यंत ‘नॉव्हेला’ धरतात. तुम्ही लघुकथेची हद्द ओलांडली आहे, आणि कित्येक मासिकांचं दार पाच, सहा किंवा साडेसात हजारांवरच बंद होतं. तिथे पाठवलेली कथा कोणी वाचतही नाही, मर्यादा पाहूनच परत जाते.

लांब कथा घेणारी मासिकं मात्र आहेत. असिमोव्हज वीस हजार शब्दांपर्यंत पाहतं, क्लार्क्सवर्ल्ड बावीस हजारांपर्यंत. बिनीथ सीझलेस स्काइज पंधरा हजारांपर्यंत घेतं, पण तिथे कथा आपल्यापेक्षा वेगळ्या जगात घडावी लागते. तुमची इमारत आपल्याच जगातली आहे, त्यामुळे ते यादीतून काढा. जायगॅनोटोसॉरस हे नाव फारसं कोणाच्या तोंडी नसतं. महिन्याला एकच कथा, तीही पाच ते पंचवीस हजार शब्दांची, हा त्यांचा शिरस्ता. इतरत्र ज्या लांबीला नाक मुरडतात ती इथे प्रवेशाची अट आहे. वाङ्मयीन बाजूला वन स्टोरी हे नियतकालिक २००२ पासून एका अंकात एकच कथा छापतं, मात्र त्यांची मर्यादा आठ हजारांची आहे. हे आकडे बदलत असतात, म्हणून पाठवायच्या दिवशी मासिकाची नियमावली स्वतः उघडून पाहा. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी केलेल्या यादीवर विसंबू नका, माझ्यावरही नको.

कापण्याबद्दल माझं मत असं. आठ हजारांपर्यंत आणायला १,२०० शब्द काढावे लागतील, आणि ते बहुतेक निघतील. लिफ्टच्या विनोदांपैकी एखादा प्रसंग नुसताच गंमत म्हणून आला असणार. साडेसात हजारांवर आणायला जवळपास पाचवा हिस्सा जाईल, तिथे सांभाळून. हसण्याकडून दुःखाकडे वळायला कथेला जी जागा लागते ती कापली, तर उरेल ती फक्त एक युक्ती. माझी अकरा हजारांची एक कथा मी एका मासिकाच्या मर्यादेसाठी सहा हजारांवर आणली होती. त्यांनी ‘घाई झाल्यासारखी वाटते’ म्हणून परत केली. बरोबरच होतं त्यांचं. जुनी प्रत काढली, त्यातले पाचसहाशे शब्द तेवढे वगळले, आणि दीड वर्षाने ती जवळपास मूळ लांबीतच छापून आली.

खरा गुंता दुसऱ्या अडचणीत आहे. कथा ना धड वास्तववादी, ना धड अद्भुत. या मधल्या प्रदेशाला विज्ञानकथालेखक ब्रूस स्टर्लिंग यांनी १९८९ मध्ये ‘स्लिपस्ट्रीम’ असं नाव दिलं. नाव मिळालं म्हणून ठिकाण मिळतंच असं नाही. उलट लेखक पत्रात ‘ही माझी स्लिपस्ट्रीम कथा’ असं लिहू लागले आणि चाळणी करणाऱ्याच्या कपाळावर आठी पडू लागली.

इथे मला नेहमी अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस आठवतात. त्यांची कथा इंग्रजीत पहिल्यांदा छापून आली ती कोणत्या थोर वाङ्मयीन नियतकालिकात नव्हे, तर ऑगस्ट १९४८ च्या एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिनमध्ये, म्हणजे गुन्हेकथांच्या मासिकात. ‘द गार्डन ऑफ फॉर्किंग पाथ्स’ ही ती कथा. युद्धकाळातला हेर, एक अनाकलनीय कादंबरी, फाटे फुटत जाणारा काळ, असं सगळं तिच्यात आहे. अनुवाद अँथनी बाउचर यांनी केला होता. ते गुन्हेकथांचे जाणते समीक्षक होते आणि विज्ञानकथाही लिहायचे. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्यांनी जे. फ्रान्सिस मॅककोमस यांच्यासोबत द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन सुरू केलं. अशी विचित्र कथा गुन्हेकथांच्या मासिकात कशी बसली? कारण तिच्यात एक खून आहे, आणि तो का झाला ते अगदी शेवटच्या परिच्छेदात उलगडतं. गुन्हेकथेच्या वाचकाला जे हवं असतं ते ती कथा चोख देते. काळ, चक्रव्यूह, तत्त्वज्ञान हे त्याच्यावरचं वाढीव.

तेव्हा ‘माझी कथा कोणत्या प्रकारची’ हा प्रश्न बाजूला ठेवा. कथा कोणत्या वाचकाला दिलेला शब्द पुरता पाळते, ते शोधा. विज्ञानकथेच्या वाचकाला ते मजले कसे निर्माण झाले हे कळायला हवं असतं. तुमची कथा ते जाणूनबुजून सांगत नाही, म्हणजे ती पाच मासिकं सुरुवातीलाच चुकली. भयकथेच्या वाचकाला भीती हवी, आणि तुमच्या नायकाला तर शेवटी त्या मजल्यावर जावंसंच वाटतं. तीही दोन गेली. उरतो तो शोकाचा धागा, एका माणसाने आपलं दुःख तक्रारवहीत नोंदवत राहणं. तो शब्द कथा पाळते. म्हणून तुमचा वाचक दोन ठिकाणी आहे. एक, अद्भुताला स्पष्टीकरण न मागणारी, जरा शांत प्रकृतीची अद्भुतकथा-मासिकं. दोन, आपल्या पानांवर अधूनमधून भूत चालवून घेणारी वाङ्मयीन नियतकालिकं. आठांपैकी फक्त एक पाठवणी या दिशेने झाली आहे. म्हणजे ‘आठ नकार’ हा आकडा तुम्हाला वाटतो तेवढा बोलका नाही.

अनपेक्षित दार उघडलं म्हणून तिथेच बिऱ्हाड करता येतं असंही नाही. जेम्स जॉइस यांच्या पहिल्या तीन कथा १९०४ मध्ये आल्या त्या द आयरिश होमस्टेड या शेतकरी-सहकार चळवळीच्या साप्ताहिकात. साधं, वाचकांना न दुखावणारं काहीतरी द्या, एवढीच मागणी होती. वाचकांच्या तक्रारी आल्या आणि संपादकांनी चौथी कथा मागितली नाही. त्या कथांचं पुस्तक निघायला १९१४ उजाडलं. हे सांगतो कारण कथांसाठी नसलेली नियतकालिकंही कथा छापतात, हे आपण विसरतो. नेचर या विज्ञान साप्ताहिकाने १९९९ मध्ये ‘फ्यूचर्स’ हे छोट्या विज्ञानकथांचं सदर सुरू केलं, साधारण साडेआठशे ते साडेनऊशे शब्दांच्या कथांचं. तुमच्या या कथेला त्याचा उपयोग नाही. पण एखाद्या प्रयोगशाळेत घडणारी, कुठेच न बसणारी आटोपशीर कथा फायलीत पडून असेल, तर तिला असेल.

मासिक ओळखायचं कसं? ‘आम्हाला धाडसी, वेगळं, सीमा ओलांडणारं लेखन हवं’ हे वाक्य जवळपास प्रत्येक नियमावलीत सापडतं, अगदी वर्षानुवर्षं एकाच ठशाच्या कथा छापणाऱ्यांच्याही. त्यावरून काही ठरवू नका. मासिकाने काय छापलं आहे ते वाचा. मी एका मासिकाच्या ताज्या तीन अंकांतल्या कथा घेतो आणि वहीत चारच गोष्टी टिपतो: लांबी किती, अद्भुत गोष्ट पहिल्याच पानावर येते की उशिरा, तिचं स्पष्टीकरण मिळतं की नाही, आणि शेवटचा परिच्छेद मिटतो की उघडा राहतो. बारा-पंधरा कथांनंतर त्या संपादकाची आवड समोर येते, आणि ती नियमावलीशी क्वचितच जुळते. तुमच्यासाठी दुसरा आणि तिसरा रकाना निर्णायक. ज्या मासिकात सगळीकडे अद्भुत पहिल्या पानावर येतं आणि उलगडून सांगितलं जातं, तिथे तुमची कथा कितीही चांगली असली तरी पाहुणीच राहणार.

नियमावलीत वाचण्यासारखं काही असेल तर ते नकाराचं. स्ट्रेंज होरायझन्स या अद्भुतकथा-मासिकाने आपल्याकडे फार वेळा येणाऱ्या कथानकांची एक लांबलचक यादीच दिली होती. संपादकाचं मन त्या यादीत जितकं दिसतं तितकं दहा विशेषणांत दिसत नाही. (मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझी स्वतःची दोन कथानकं तिच्यात होती. त्यातली एक तर मला फार मौलिक वाटत होती.)

याहून सोपा एक मार्ग आहे आणि नवखे लेखक तो सहसा वापरत नाहीत. आपल्या कथेचे शेजारी शोधा. दरवर्षी निवडक कथांची संकलनं निघतात. त्यांत प्रत्येक कथा पहिल्यांदा कुठे आली होती ते छापलेलं असतं. आपल्या कथेच्या जवळची, म्हणजे विषयाने नव्हे तर स्वभावाने जवळची, एखादी सापडली की तिचं मूळ मासिक टिपा. मग त्या लेखकाच्या संकेतस्थळावर जाऊन त्याच्या इतर कथा कुठे आल्या ते पाहा. चार लेखक असे पाहिले की तीच सहा-सात नावं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. लेडी चर्चिल्स रोझबड रिस्टलेट हे अजब नावाचं छोटं नियतकालिक मला असंच सापडलं. १९९६ पासूनचं, घरगुती रूपाचं, आणि ‘कुठेच न बसणाऱ्या’ कथांचा जणू वाडाच. त्यांच्याकडे माझी कथा कधी लागली नाही, पण त्यांचे अंक वाचून माझी यादी सुधारली.

शोधयंत्रं आहेतच. ड्युओट्रोप २००५ पासून आहे आणि २०१३ पासून त्याला वर्गणी पडते. त्याच वर्षी द सबमिशन ग्राइंडर हे मोफत साधन सुरू झालं. लांबी, प्रकार, मानधन टाकलं की जुळणारी मासिकं निघतात. सुरुवातीला तुम्हाला मोफत साधन पुरेल. तिथली स्वीकाराची टक्केवारी मात्र गांभीर्याने घेऊ नका. आकडे लेखकांनीच नोंदवलेले असतात, आणि स्वीकार कळवायला जो उत्साह असतो तो नकार कळवताना नसतो. उत्तर यायला किती दिवस लागतात आणि शेवटचं उत्तर कधी नोंदवलं गेलं, हे दोन आकडे उपयोगी. चार महिन्यांत कोणालाच उत्तर गेलेलं नसेल तर त्या मासिकात काहीतरी बिनसलं आहे असं समजा.

आता सुराची अडचण. इथे मला चाळणीवरचा एक कबुलीजबाब द्यायला हवा. मी प्रत्येक कथा शेवटपर्यंत वाचत नव्हतो. पहिली दोन पानं वाचायचो, शंका आली तर शेवटचं पान उघडायचो, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध दिसला तरच मधलं वाचायचो. अन्यायकारक आहे, पण साठ कथा आणि एक माणूस म्हटल्यावर असंच होतं. तुमच्या कथेचं पहिलं पान निखळ विनोदी असेल, तर वाचणारा तिला मनात ‘विनोदी’ या खणात टाकतो. तो खण फार अरुंद असतो, कारण विनोद माणसागणिक बदलतो. मग शेवटच्या पानावर अचानक शोक दिसतो आणि त्याला वाटतं, लेखकाचा तोल गेला. कथा पुन्हा लिहू नका. पहिल्या पानावर कुठेतरी एक बारीकशी तडा ठेवा. तक्रारवहीतली एखादी नोंद त्याने जरा जास्त वेळ वाचली, किंवा डबा एकाचाच असून त्यात चमचे दोन निघाले, एवढंही चालेल. हसणाऱ्या वाचकाला ती टोचणार नाही. शेवटच्या पानावरून मागे वळणाऱ्याला मात्र ती तिथे सापडली पाहिजे. या एका ओळीने माझ्या दोन कथा चाळणीतून वर गेल्या, असं मला आजही वाटतं.

पाठवायचा क्रम हा वादाचा विषय आहे. विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९४७ मध्ये लेखकांसाठी पाच नियम दिले. त्यातला शेवटचा असा की कथा विकली जाईपर्यंत ती बाजारात ठेवा. ते मला मान्य आहे. पण ‘सगळ्यात जास्त मानधनापासून खाली उतरत या’ हा त्यावर चढलेला रूढ सल्ला अशा कथांना जसाच्या तसा लागू करू नका. विज्ञानकथा-अद्भुतकथांची बहुतेक मासिकं एकच कथा एकाच वेळी दुसरीकडे पाठवू देत नाहीत. प्रत्येकाने तीन महिने घेतले तर वर्षात चार ठिकाणं होतात. वरून खाली अशी वीस मासिकं उतरायला पाच वर्षं! म्हणून मी दोन रांगा करतो. पहिल्या रांगेत ज्यांच्या अंकांत शेजारी सापडले ती तीन-चार मासिकं, मानधन काहीही असो. दुसऱ्या रांगेत लवकर उत्तर देणारी, शक्यता कमी असली तरी, कारण तिथे फक्त आठवडा-दोन आठवडे जातात. वाङ्मयीन नियतकालिकांचं गणित वेगळं. तिथे एकाच वेळी अनेकांकडे पाठवायला सहसा हरकत नसते, म्हणून पाच-सहा ठिकाणी एकदम पाठवा आणि कुठे स्वीकार झाला तर त्याच दिवशी बाकीच्यांना कळवून कथा मागे घ्या. यात आळस केलात तर तो संपादक तुम्हाला बराच काळ लक्षात ठेवतो, तोही चुकीच्या कारणासाठी. आणि कुठल्याही रांगेच्या तळाशी, जिथे कथा आलेली पाहून तुम्हाला स्वतःला आनंद होणार नाही, असं मासिक ठेवूच नका.

मासिकं कथा केव्हा स्वीकारतात, त्या खिडक्यांचंही भान ठेवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांचा लोंढा आला आणि क्लार्क्सवर्ल्डला काही काळ कथा घेणंच थांबवावं लागलं. एरवीही बरीच मासिकं वर्षातून थोडेच दिवस दार उघडतात. तारखा दिनदर्शिकेत लिहून ठेवा. विषयबद्ध संकलनांच्या जाहिरातींवरही नजर असू द्या. इमारती, उद्वाहनं, कामाच्या जागी येणारी भुतं, असा विषय कधीतरी निघतोच, आणि एरवी अवघड ठरलेली कथा तिथे एकदम नेमकी ठरते. मात्र अशा संकलनाची मुदत संपल्यावर दोन महिने त्याच विषयाची कथा इतर मासिकांकडे पाठवू नका. तिथून परतलेल्या सगळ्या कथा त्याच सुमारास फिरत असतात. एका महिन्यात माझ्याकडे चौदा जलपऱ्या आल्या होत्या. पंधरावी कितीही चांगली असती तरी मी तिला न्याय दिला नसता.

‘थोडा बदल केलात तर घेऊ’ असं कधी आलं तर काय करायचं? डॅनियल कीज यांच्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जेर्नन’ या कथेबाबत गॅलेक्सी या विज्ञानकथा-मासिकाचे संपादक होरेस गोल्ड यांनी सुखान्त मागितला होता. नायकाची शस्त्रक्रियेने वाढलेली बुद्धी टिकावी, त्याचं लग्न व्हावं. कीज यांनी नकार दिला. कथा एप्रिल १९५९ मध्ये द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शनमध्ये मूळ शेवटासह आली आणि पुढच्या वर्षी तिला ह्यूगो मिळाला. लेखकांना ही गोष्ट फार आवडते, मलाही. पण मी स्वतः तीनदा असे बदल मान्य केले आहेत आणि तिन्ही वेळा कथा सुधारली. बदलामुळे वाचकाची अडचण दूर होते की कथेचा गाभाच जातो, ते पाहून ठरवा. तुम्हाला कोणी ‘मजल्यांचं रहस्य उलगडा’ म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. ‘तिसरा विनोद गाळा’ म्हटलं तर गाळा.

व्यवहाराचं थोडक्यात. करारात प्रथम प्रकाशनाचा हक्क किती काळासाठी जातो आणि तो परत केव्हा येतो ते वाचा. कायमचे सगळे हक्क मागत असतील तर सोडून द्या. वाङ्मयीन नियतकालिकं कथा वाचण्यासाठी तीनेक डॉलर घेतात, ती तिथली रीतच झाली आहे. विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या बाजूला असं शुल्क सहसा नसतं आणि कोणी मागितलं तर सावध व्हा. कंटाळून कथा स्वतःच्या ब्लॉगवर टाकू नका, कारण बहुतेक ठिकाणी ती प्रकाशित धरली जाते आणि मग फक्त पुनर्मुद्रण घेणारी दारं उरतात. तशी दारंही आहेत, एस्केप पॉड, स्यूडोपॉड, पॉडकॅसल ही श्राव्य मासिकं आधी छापलेल्या कथा घेतात, पण तो नंतरचा टप्पा.

हे वाचणाऱ्या ज्यांची कथा मुळात दुसऱ्या भाषेतली आहे त्यांच्यासाठी एक वेगळीच वाट आहे, इंग्रजी अनुवाद छापणाऱ्या नियतकालिकांची: २००३ पासूनचं वर्ड्स विदाउट बॉर्डर्स, २०११ पासूनचं असिम्प्टोट, आणि अद्भुताकडे झुकणारी कथा असेल तर २०१७ मध्ये सुरू झालेलं सामोवार. मूळ कथा दुसऱ्याची असेल तर पाठवण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या. एरवी जो वेगळेपणा अडचण ठरतो तो इथे निवडीचं कारण असतो.

सोबतचं पत्र तीन ओळींचं हवं. कथेचं नाव, शब्दसंख्या, आधी काही छापून आलं असेल तर त्यातली दोन-तीन नावं. कथेचा सारांश नको, ‘प्रकारांच्या सीमा ओलांडणारी’ नको, आणि आधीच्या आठ नकारांचा उल्लेख तर अजिबात नको. असा उल्लेख करणारी पत्रं येतात, म्हणून सांगतो.

तर तुमच्या जागी मी असतो तर आधी पहिल्या पानावरची ती तडा टाकली असती आणि आहे त्या लांबीत कथा जायगॅनोटोसॉरसकडे पाठवली असती. ते उत्तर येईपर्यंत आठ हजारांची दुसरी प्रत तयार करून ठेवली असती. परत आलीच तर ती छोटी प्रत पाच-सहा वाङ्मयीन नियतकालिकांकडे एकदम. ज्या दोन संपादकांनी स्वतः लिहून कळवलं, त्यांना ही कथा पुन्हा दाखवू नका, ते मागत नाहीत तोवर. पुढची नवी कथा लिहून झाली की पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठवा, आणि पत्रात एकच ओळ लिहा की लिफ्टच्या कथेवरच्या शब्दांबद्दल आभारी आहे. त्यांना ती आठवेल. मलाही अशा कथांची नावं अजून आठवतात.